पुरात न गेलेली तबकडी

बाई, तुमची गाण्यांची तबकडी पुरात गेली नव्हती. ती माझ्याकडं होती. सहा वर्षं माझ्या घरात, लोखंडी ट्रंकेत, बायकोच्या, शालनच्या लग्नातल्या शालूखाली.

हे मला तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी ते वहीत लिहितोय. तुम्हीच मागं लागायचात, विलास, लिहीत जा, बोलतोस ते लिही. मी म्हणायचो, फौंड्रीत साचे भरणाऱ्यानं काय लिहायचं? आता लिहायला विषय आहे आणि वाचायला तुम्ही नाही.

कॉलेजात तुमची शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत होतो. एकेक जण उठून बोलत होता. बाईंनी आमची इंग्रजीची भीती घालवली, बाईंनी फी भरली, बाई वर्गात आल्या की टाचणी पडली तरी ऐकू यायची. सगळं खरं असणार. पण तुमच्या पुढच्या खोलीतल्या त्या रेकॉर्डच्या मशीनचा, त्या तबकडीचा शब्द कुणी काढला नाही. त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी एकानं विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत?" माझा हात गुडघ्यावरून उठला आणि परत गुडघ्यावर बसला. बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.

आपली गाठ पडली ती रस्त्यावर. राजारामपुरीत तुमच्या शेजारच्या पोरीचं लग्न होतं. आठवडाभर उद्यमनगरच्या फौंड्रीत काम आणि लग्नसराईत बँडमध्ये साईड ड्रम, असं माझं तेव्हा चाललेलं. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात तुम्ही फाटक उघडून बाहेर आलात. पांढरी सुती साडी, चष्मा दोरीला अडकवलेला. आमचे बँडमास्तर पुटपुटले, "बंद करा रं, आली तक्रार."

तुम्ही सगळ्यांकडं बघून विचारलंत, "तो बारका ड्रम कोण वाजवतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी म्हणालो, "मीच. काय चुकलं का बाई?"

"चुकलं नाही. आता गाणं थांबल्यावर तू दोन हात जास्तीचे वाजवलेस. का?"

"उगंच. हाताला वाटलं म्हणून."

तुम्ही थोडा वेळ माझ्या हातांकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "रविवारी सकाळी ये. हाताला वाटतं म्हणून वाजवणारा आणखी एक माणूस आहे. तुला ऐकवते."

मास्तर आठवडाभर मला चिडवत होते. "विलाश्या, बाईनं शिकवणीला बोलिवलंय तुला." मी रविवारी गेलो, ते खरं तर बाईमाणसाला नाही म्हणता आलं नाही म्हणून.

तुम्ही खुर्ची दिलीत. मी कडेला टेकलो. तुम्ही कपाट उघडून एक तबकडी काढलीत. तिच्या पाकिटावर निळ्या झग्यातली एक बाई पियानोला टेकून उभी होती, अर्धी पाठ आपल्याकडं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं इंग्रजीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. ही तबकडी पुण्याच्या हॉस्टेलवरच्या तुमच्या मैत्रिणीनं, लिडियानं दिलेली. लिडिया लग्न होऊन परदेशी गेली आणि पुन्हा तुम्हाला दिसली नाही. एवढंच तुम्ही सांगितलंत, तेही वर्षभरानं. त्या दोन ओळींत काय लिहिलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. वाटायचं, कधीतरी तुम्हीच सांगाल.

मऊ फडक्यानं तबकडी गोल गोल पुसलीत, सुई ठेवलीत. तेल तापल्यासारखी चरचर झाली आणि एकदम सगळा ताफा सुरू झाला. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ड्रम. मी खुर्चीत सरळ झालो. "बाई, हा तर आमचाच बँड की!"

तुम्ही मोठ्यानं हसलात. मी तुम्हाला हसताना पहिल्यांदा बघितलं. "तुमचाच. फक्त यांना वरात पुढं न्यायची नाही."

तसंच होतं ते. तीच वाद्यं, पण कुणाला कुठं पोहोचायचं नव्हतं. ट्रंपेटवाले भोंग्यापुढं टोपी धरल्यासारखा आवाज दाबून वाजवत होते, जणू घरात कुणी आजारी आहे. खाली एक माणसाएवढं व्हायोलिन होतं, ते कुणीतरी बोटांनी ओढत होतं, आणि त्यावर सगळं गाणं पाळण्यासारखं झुलत होतं. तुम्ही म्हणालात, याला स्विंग म्हणतात. मी म्हणालो, म्हणजे झोपाळाच की. आणि तो ड्रमवाला! काठीनं नव्हे, तारांच्या ब्रशनं वाजवत होता. कातड्यावर नुसता हात फिरवल्यासारखा. पंचवीस वर्षं मी ड्रम बडवला होता; ड्रमवर हात फिरवता येतो हे मला त्या सकाळी कळलं.

मग ती बाई गायला लागली. दोन ओळी ऐकल्या आणि मी म्हणालो, "बाई, ही मागं पडतीया."

"मागं पडत नाही."

"पडतीया की. ठोका गेला, मग ही आली. आमच्यात असं झालं तर मास्तर घरी पाठवत्यात."

"विलास, तिला घाई नाही. वीस वाजवणारे आपल्यासाठी थांबतील हे तिला माहीत आहे. नीट ऐक."

ते पटायला मला चार रविवार लागले. तोवर आपण भांडत राहिलो. पाचव्या रविवारी ते माझ्या ध्यानात आलं. ती ठोक्याच्या मागं नव्हती. ठोका कुठं आहे हे तिला इतकं पक्कं माहीत होतं, की तिला तिथं जायची गरज नव्हती. बोलल्यासारखी गायची. मधेच श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं इतकं संथ की मला वाटायचं आता थांबतंय. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एकेक वाद्य निघून जायचं. शेवटी राहायचं ते मोठं व्हायोलिन आणि तिचा आवाज. दहा गाणी. तुम्ही एकेका ओळीचा अर्थ सांगायचात आणि चहा थंड व्हायचा.

फौंड्रीत ओतीव मालावरची वाळू झाडायला तारेचे ब्रश असतात. त्यातला एक जुना मी घरी आणला, तारा मोकळ्या केल्या, आणि ड्रमवर फिरवून बघायला लागलो. एका वरातीत हळूच वाजवूनही बघितलं. मास्तर ओरडले, "वरातीत काय झाडलोट करतोस व्हय?" ते तुम्हाला सांगितलं तर तुमच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, आणि म्हणालात, "तुझ्या मास्तरांना एकदा घेऊन ये."

आपलं खरं भांडण होतं पहिल्या बाजूच्या चौथ्या गाण्यावरून. घर सोडणारी एक बाई नव्या भाडेकरूला खोल्या दाखवतेय. इथं सकाळी ऊन येतं, ही खिडकी जरा जड आहे, हा नळ रात्रभर गळतो पण सवय होते. असं करत ती एका खुर्चीपाशी येते. कुणाची खुर्ची ते सांगत नाही. त्या ओळीच्या मध्यावर ती हसते. एवढंसं. दोन ठोके ड्रम बंद पडतो आणि मग गाणं पुढं जातं.

तुम्ही म्हणायचात, "ते हसू नाही, विलास. रडू गिळलंय तिनं."

मी म्हणायचो, "बाई, ड्रमवाल्याच्या हातनं ब्रश निसटला. टिक् आवाज येतोय बघा, ड्रमच्या कडेला लागल्याला. तेवढ्यानं तिला हसू आलं. दुसरं काय न्हाय."

"म्हणजे मी पन्नास वर्षं एका पडलेल्या ब्रशवर डोळे पुसतेय?"

"तसंच म्हणायचं."

तुम्ही सुई उचलून परत मागं ठेवायचात. परत तेच. टिक् आणि हसू. आधी काय आणि मागून काय, ते इतकं जवळजवळ होतं की ज्याला जे पाहिजे ते त्याला ऐकू यायचं. तुमच्या भाचीनं, सुजातानं, एकदा मोबाईलवर ते गाणं शोधून दिलं होतं. पण ते दुसऱ्या वेळचं गायलेलं निघालं. त्यात हसू नव्हतं. तुम्ही अर्ध्यावर बंद केलंत आणि म्हणालात, "फार शहाण्यासारखं गायलंय."

चार वर्षं अशी गेली. तबकडी तुमच्या घराबाहेर कधी गेली नव्हती. मग मलाच हाव सुटली. आमच्या क्लॅरिनेटवाल्याला आणि मास्तरांना हे ऐकवायचं होतं. मास्तरांचे पाय सुजायचे, ते राजारामपुरीत जिना चढून येणार नव्हते. त्यांच्या घरी जुनं मशीन होतं. मी विचारलं. तुम्ही कपाट उघडलंत. मग तबकडी एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलीत आणि पाकीट वेगळं, अशी माझ्या हातात दिलीत.

"रविवारी परत आण."

"आणतो की."

त्या रविवारी क्लॅरिनेटवाला गावाला गेला होता, म्हणून ऐकायचं राहिलं. मी फोन करून आणखी आठवडा मागितला. मग पाऊस लागला तो थांबेना. बुधवारी तुमचा फोन आला. "विलास, नदीचं पाणी वाढतंय म्हणतात. तुझं घर खाली आहे. आधी तुम्ही सगळे नीट जागेवर जा. आणि जमलं तर तबकडी आणून दे."

मी म्हणालो, "उद्या आणतो बाई."

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. पाणी दरवर्षी यायचं, दोन पायऱ्या चढायचं आणि उतरायचं. त्या वर्षी, फोनच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन पायऱ्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत चुलीत पाणी आलं. कागदपत्रं शालननं घेतली. आईला खांद्यावर घेतलं आणि उंचावरच्या शाळेत ठेवून आलो. परत आत गेलो तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. बाई, त्या वेळी मला एकच फेरी होती. तबकडी कॉटच्या वरच्या फळीवर होती आणि ड्रम खुंटीला. मी ड्रम घेतला. मनात म्हटलं, फळी उंच आहे. फळी उंच नव्हती. मला ते ठाऊक होतं.

पाणी उतरलं तेव्हा घरात हातभर गाळ होता. कॉट उलटी झाली होती. तुमच्या तबकडीचं पाकीट सापडलं, पण ते पाकीट राहिलं नव्हतं. निळ्या झग्याचा रंग चिखलात उतरलेला, कागदाचा लगदा, उचलला की बोटांतून गळत होता. कोपऱ्यावरची पेन्सिल कुठं शोधणार? तबकडी दिसली नाही. मी तुम्हाला फोन केला आणि म्हणालो, "बाई, गेली."

तुम्ही विचारलंत, "माणसं सगळी बरी आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी रिक्षातून तुमची चार ब्लँकेटं आली, तांदूळ आले, स्टीलची भांडी आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "तम्मा, तबकडीचं मनाला लावून घेऊ नकोस." तुमच्या शिरोळकडच्या माहेरात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तोवर तुम्ही मला कधी तसं म्हटलं नव्हतं.

तोवर मी खोटं बोललो नव्हतो. खोटं त्यानंतर वीस दिवसांनी सुरू झालं. गाळ काढता काढता शालन मागल्या भिंतीपाशी वाकली आणि म्हणाली, "हे काय ओ ताटावानी?" फळी निसटून भिंतीला टेकली होती आणि तिच्यामागं साडीच्या तुकड्यात तुमची तबकडी उभी होती. मी रिठ्याच्या पाण्यानं ती धुतली. फडक्यानं पुसली, तुम्ही पुसायचात तशी गोल गोल. मास्तरांकडं नेऊन लावली. चरचर दुप्पट झाली होती. पण आतून ती बाई आली, घाई न करता, जणू पूर आला आणि गेला हे तिच्या कानावरच नव्हतं. मी तिथंच रडलो.

त्या रविवारी तबकडी पिशवीत घालून मी तुमच्याकडं निघालो. आता खरं सांगतो. जाताना मी आनंदात नव्हतो. वाटेत माझ्या मनात आलं होतं, ही अजून थोडे दिवस माझ्याकडं राहिली तर? चार वर्षं मी दुसऱ्याच्या घरी खुर्चीच्या कडेला बसून ऐकलं होतं. एकदा ती आपल्या घरात असावी, वाटेल तेव्हा हात लावता यावा, असं मला वाटत होतं. पाकीट गेलं याची लाज होतीच. पण ती लाज मी पुढं केली. तिच्यामागं हाव होती.

तुमच्या खोलीत गेलो तर मशीन जागेवर नव्हतं. तुम्ही म्हणालात, "माळ्यावर टाकलं. बरं झालं एका अर्थी. आमच्या जैन धर्मात सांगितलंयच, वस्तूंत जीव अडकवू नये. मला आयुष्यभर जमलं नाही ते पंचगंगेनं करून दाखवलं." आणि हसलात. ते हसू तुमचं नेहमीचं नव्हतं, हे कळायला ड्रमवाल्याचा कान लागत नाही. पण मला निमित्त पाहिजे होतं, ते मिळालं. मी स्वतःला म्हणालो, बाईंनी मन आवरलंय, आता कशाला परत दुखवायचं? पिशवी खुर्चीखालून उचलली आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी सांगणं जास्त अवघड झालं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून. एका वर्षानं तर सांगायचं म्हणजे वर्षभर काय केलंस याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

शालन म्हणायची, "कवा देणार हाईसा?"

"देतो."

"ही चोरी हाय. त्या बाईची ब्लँकेटं पांघरतोय आपण."

मी तबकडी ट्रंकेत ठेवली. मास्तर वारले तेव्हा त्यांच्या पोरानं मशीन मला दिलं. पण मी तबकडी फार वेळा लावली नाही. लावली तर शालन बाहेर गेल्यावर, आवाज बारीक करून, एक कान दाराकडं ठेवून. दुसऱ्याची वस्तू घरात आणली की ती आपली होते असं वाटलं होतं. ती नुसती घरात राहते.

आणि तरी आपले रविवार चालू राहिले. तबकडी नसताना तुम्ही ती गाणी गुणगुणायचात, मी टीपॉयवर बोटं फिरवून ब्रश वाजवायचो. तुमचा आवाज काही गाण्याचा नव्हता. पण ठोक्याला थांबायला लावायची रीत तुम्हाला तिच्याइतकीच आली होती. त्या वेळी मी खरंच सुखात असायचो. तुमच्यापुढं बसून, तुमची वस्तू घरात लपवून ठेवून सुखात असायचो. हे कसं जमत होतं, मला आज सांगता येत नाही.

या उन्हाळ्यात तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. सुजाता पुण्याहून येऊन राहिली. मी रविवारी तिथं आलो. तुम्ही अगदी एवढ्याशा झाला होता. हाताला सुई होती, दुसऱ्या हातानं तुम्ही चादरीवर ठोका धरला होता. मी विचारलं, "कोणतं गाणं बाई?"

"चौथं." मग थोड्या वेळानं म्हणालात, "विलास, तुझंच खरं असेल. ब्रशच पडला असेल. मी आता पुष्कळ आठवून बघते, पण आधी काय येतं ते नक्की ऐकू येत नाही. एकदा ऐकायला मिळालं असतं तर निकाल लागला असता."

मी तुमच्या उशाशी उभा होतो. बोलायला तीन शब्द पुरले असते. खोलीत सुजाता होती, नर्स होती. मी म्हणालो, "तुमचंच खरं असंल बाई." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला माझी माघार नको होती. तुम्हाला गाणं पाहिजे होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र मी ठरवलं. मशीन साफ केलं, सुई बदलली. येत्या रविवारी मशीन आणि तबकडी घेऊन दवाखान्यात जायचं, काय होईल ते होऊ दे. शालन म्हणाली, "रविवारची वाट कशाला? उद्या जावा की." मी म्हणालो, रविवारीच जातो मी नेहमी. गुरुवारी सकाळी सुजाताचा फोन आला.

गेल्या आठवड्यात तिनं मला घरी बोलावलं. "काका, मावशीची पुस्तकं कॉलेजला द्यायचीत, हात लावायला येता का?" मी पुस्तकांना हात लावायच्या आधी पिशवीतून तबकडी काढून टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "माळ्यावरून मशीन काढून द्या."

मी काढलं, धूळ पुसली. चाललं. आम्ही दोघं तुमच्या खोलीत बसलो, मी माझ्या त्याच खुर्चीवर. पहिल्या बाजूचं चौथं गाणं लावलं. इतकी वर्षं घरी मी ते चोराच्या कानानं ऐकलं होतं. त्या दिवशी लपवायला काही उरलं नव्हतं. ऊन, खिडकी, नळ. मग ती खुर्चीपाशी आली. तिचा आवाज अडला. त्यानंतर, बाई, अगदी पापणी लवण्याइतकं त्यानंतर, टिक्. मी सुई उचलून परत ठेवली. परत तेच. ब्रश आधी निसटला नव्हता. तिचं काहीतरी झालं, आणि ते ऐकून ड्रमवाल्याचा हात चुकला. ती हसली की रडली ते मला आजही सांगता येणार नाही. पण आधी ती होती. तुमचं खरं होतं. मीच तेवढं उलटं ऐकत आलो.

मी सुजाताला ते सांगितलं. ती खूप वेळ फिरत्या तबकडीकडं बघत होती. मग म्हणाली, "काका, तुम्ही हे आणून दिलं असतं तर मावशी काय म्हणाली असती, सांगू? आधी तुमच्यावर रागावली असती. चांगली पाच मिनिटं. आणि मग म्हणाली असती, लाव."

मी सुई उचलून बाजूला ठेवली.

"पाच मिनिटांच्या रागाला भिऊन तुम्ही तिची सहा वर्षं घेतलीत."

ती आवाज न चढवता बोलली. तुमच्यासारखीच. तिनं तबकडी पुसली, आपल्या ओढणीत गुंडाळली आणि पुण्याला नेली. मला ठेवा म्हणाली नाही, आणि मी मागितली नाही. पुस्तकांची खोकी मी टेम्पोत चढवली. निघताना तिनं मला नमस्कार केला. तो तुमच्या घरी येणाऱ्या माणसाला केलेला होता, मला नव्हे.

घरी आल्यावर शालननं विचारलं, "दिलीसा?"

"दिली."

तिनं ट्रंकेतला शालू काढून उन्हात टाकला.

सुजाताला मी उत्तर दिलं नाही, पण तुम्हाला देतो. मला तुमच्या रागाची भीती नव्हती. तुम्ही रागावणार नाही आणि नुसतं "जाऊ दे तम्मा" म्हणाल, याची होती. ते ऐकल्यावर मला त्या खुर्चीवर बसता आलं नसतं. खुर्ची सोडायची नव्हती, तबकडीही सोडायची नव्हती, आणि तुम्ही तर कुठं जाणारच नव्हता, असं धरून मी चाललो होतो.

सांगायला एक रविवार पुरला असता. टाळेबंदीचे महिने सोडले तर या सहा वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही, बाई.